कागदाबाहेरचा आकडा

सूतगिरणीच्या वसाहतीत लहानथोर सगळे त्यांना हवामास्तर म्हणायचे, आणि त्यांच्या बायकोला ओघानेच मास्तरीणबाई. शाळेशी दोघांचाही काडीचा संबंध नव्हता. सूतखात्याला लागणारी हवा तयार करायची, हे मास्तरांचं काम. खात्याला लागून एक मोठी खोली होती. तिथे भिंतीएवढा पंखा घरघरत असायचा, त्याच्यापुढे पाण्याचे बारीक फवारे उडायचे आणि त्यातून निघालेली ओलसर हवा खात्यात सोडली जायची. हवा सुकी पडली की धागा तुटत सुटतो. दमट झाली की कापूस रुळांना चिकटून त्यांच्याभोवती गुंडाळत जातो आणि सूत कातायचे साचे अडतात. मधली हवा राखायची, साठ टक्क्यांच्या आसपास. मास्तर गमतीने म्हणायचे की माझा माल कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर अजून कुणी चोरला नाही.

आता ही मधली हवा ओळखायची कशी? खात्याच्या भिंतीवर घड्याळाएवढ्या दोन तबकड्या होत्या. एक नुसतं तापमान दाखवायची, तिला सगळे सुकी म्हणत. दुसरीच्या टोकाला पाण्यात बुडवलेली कापडी वात गुंडाळलेली असायची, ती ओली. वातीतलं पाणी उडून जाताना गारवा देतं, म्हणून ओलीचा काटा सुकीपेक्षा खाली. हवा जितकी कोरडी तितकं दोघींमधलं अंतर जास्त. दर तासाला मास्तर दोन्ही आकडे बघून यायचे आणि आपल्या खोलीतल्या तक्त्यावर त्यांची गाठ घालायचे.

तो तक्ता म्हणजे नवख्या माणसाची भंबेरी उडवणारं प्रकरण होतं. खालच्या कडेला सुकं तापमान लिहिलेलं आणि तिथून सरळ वर गेलेल्या रेघा. ओल्या तापमानाच्या रेघा तिरक्या. या दोन्हींच्या जाळ्यातून कमानीसारख्या वर चढत गेलेल्या वाकड्या रेघा, दहा टक्के, वीस टक्के, अशा करत शंभरापर्यंत. शंभराची रेघ सगळ्यांत डावीकडे, आणि तिच्या पलीकडे नुसता कोरा कागद. आपली सरळ रेघ आणि आपली तिरकी रेघ जिथे एकमेकींना छेदतात, तिथून कुठली वाकडी रेघ जाते ते बघायचं. तोच हवेचा टक्का. मग खात्याच्या दाराशी टांगलेल्या फळ्यावर तो खडूने लिहायचा, आणि त्याप्रमाणे पाण्याची चावी कमीजास्त करायची. मास्तरांनी उभी हयात हे काम केलं होतं, आणि त्यांच्या पाळीत साचे अडल्याचं सहसा कुणी ऐकलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी मास्तर त्या तक्त्याची एक प्रत गुंडाळून घरी घेऊन आले.

"चल, तुला आज माझी विद्या शिकवतो," ते म्हणाले.

मास्तरीणबाईंना वाटलं, लेक नर्सिंग शिकायला दूरच्या शहरात गेल्यापासून घर खायला उठलंय, म्हणून यांना काहीतरी सुचतंय. त्यांनी भाजीचं ताट बाजूला सारलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तक्ता पसरला. पहिल्या दिवशी डोकं गरगरलं. दुसऱ्या दिवशी जरा अंदाज आला. सुकं तीस, ओलं चोवीस, असं मास्तर म्हणायचे आणि त्या एका हाताचं बोट सरळ रेघेवर, दुसऱ्या हाताचं तिरक्या रेघेवर चालवत न्यायच्या. दोन्ही बोटं भेटली की मान वर करून सांगायच्या, एकसष्ट. मास्तर खूश व्हायचे. पण बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली होती. शिकवताना मास्तर एकदाही तक्त्याकडे बघत नव्हते. बघितलं तरी मान तिरकी करून, कोंबडी दाण्याकडे बघते तसं, आणि लगेच नजर काढून घ्यायचे.

पुढच्या आठवड्यात फोन सुरू झाले. पंखा अचानक बंद पडला तर मास्तरांना बोलावता यावं म्हणून त्यांच्या घरी गिरणीचा आतला फोन होता. एरवी तो महिनोन्महिने वाजायचा नाही. आता दर तासाला वाजू लागला. पंख्याच्या आवाजावर ओरडून मास्तर दोन आकडे सांगायचे. बाई एक आकडा परत द्यायच्या. संभाषण संपलं.

तिसऱ्या दिवशी बाईंनी टक्का सांगितला आणि फोन न ठेवता विचारलं, "कधीपासून?"

मग मास्तर म्हणाले की घरी आल्यावर बोलू.

घरी आल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. समोर बघितलं की मधोमध एक राखाडी डाग येतो. कडेकडेचं सगळं दिसतं, चालता येतं, माणूस ओळखू येतो, तबकडीचा जाड काटाही कळतो. पण तक्त्यावरची रेघ धरायला गेलं की ती डागाखाली जाते आणि बाहेर येते तेव्हा ती तीच रेघ आहे की शेजारची, ते सांगता येत नाही. डॉक्टरकडे गेलो तर तो कागदावर लिहून देणार, आणि कागद गिरणीत पोचणार. बॉयलरवाल्या मामांना ऐकू येईनासं झालं तेव्हा साहेबांनी त्यांना कौतुकाने चहा पाजला आणि पुढच्या महिन्यात वसाहतीतली खोली रिकामी करून घेतली, हे बाईंनीही पाहिलंच होतं. लेकीचं शेवटचं वर्ष आहे. तेवढं पार पडू दे, मग मी स्वतः जाऊन सांगतो.

"तोवर तू माझे डोळे हो," असं काही ते म्हणाले नाहीत. ते असलं बोलणारे नव्हतेच. ते फक्त म्हणाले, "तुला फार त्रास नाही पडणार. तासाला एक फोन."

तासाला एक फोन म्हणजे काय, ते बाईंना हळूहळू कळत गेलं. आंघोळ दोन फोनांच्या मध्ये. बाजार दोन फोनांच्या मध्ये, तोही धावत. पिशवीत निम्मंच सामान. शेजारणी दाराशी गप्पा मारत बसायच्या तेव्हा बाई अर्धं वाक्य तोंडात ठेवून आत पळायच्या. शेजारणींची करमणूक झाली. म्हातारपणी मास्तरांना बायकोचं खूळ लागलंय, तासभरही करमत नाही त्यांना, असं त्या म्हणायच्या, आणि बाई लाजल्यासारखं करून वेळ मारून न्यायच्या. ताईचं, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचं, पोटाचं ऑपरेशन ठरलं. उशाशी बसायला ये, असा तिचा निरोप आला. बाईंनी कंबर धरल्याचं कळवलं. ताईने उलट काहीच कळवलं नाही. ऑपरेशन झाल्याचं त्यांना तिसऱ्याच माणसाकडून समजलं.

तरी हे सगळं सोसवलं असतं. चिमणीचं जे झालं ते सोसवेना.

चिमणी दोन घरं सोडून राहायची. अंगाने किडकिडीत, हाताने चपळ, साच्यांच्या रांगेतून भिरभिरत असायची, म्हणून खात्यातल्या बायकांनीच तिला हे नाव ठेवलं होतं. त्या दिवशी सकाळपासून फोन नेहमीसारखे येत होते. दुपारच्या फोनवर मास्तर म्हणाले, सुकं चौतीस, ओलं चोवीस. बाईंनी बोटं चालवली. त्रेचाळीस. हवा फार सुकी होती. मास्तर म्हणाले, बरं, पाणी वाढवतो.

त्यानंतरच्या फोनवर मास्तरांनी आकडे सांगितलेच नाहीत. खात्यात गडबड झालीय, एवढंच ते बोलले. कापूस रुळांना चिकटायला लागला होता. बायका लोखंडी आकड्या घेऊन रूळ साफ करत होत्या. साचा थांबवून साफ करायचा असा नियम, पण एकामागून एक इतके रूळ अडत होते की थांबवायला कुणाला उसंत नव्हती. चिमणीचा उजवा हात आत ओढला गेला. दोन बोटं गेली.

बाई तक्त्यासमोर बसल्या. चौतीसची सरळ रेघ. चोवीसची तिरकी रेघ. त्रेचाळीस. पुन्हा केलं, त्रेचाळीस. चष्मा पुसून केलं, खिडकीजवळ उजेडात नेऊन केलं. दर वेळी त्रेचाळीसच. मग कापूस चिकटला कसा? सुक्या हवेत पाणी वाढवलं तर हवा मधली व्हायला हवी, दमट का व्हावी? म्हणजे हवा मुळात सुकी नव्हतीच. मास्तर एकतीस म्हणाले असतील आणि पंख्याच्या आवाजात आपण चौतीस ऐकलं असेल तर?

मास्तर घरी आले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही चौतीस म्हणालात की एकतीस?"

मास्तर बूट काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. "एकतीस म्हणालो असेन. ऐकण्यात चूक झाली असेल तुझी. होतं असं. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

जिवाला लावून घेऊ नकोस म्हटल्यावर माणूस जेवढं लावून घेतो तेवढं त्यांनी लावून घेतलं. चिमणी दवाखान्यातून घरी आली तेव्हा बाई तिच्याकडे गेल्या. फडक्यात बांधलेला हात उशीवर ठेवून ती भिंतीकडे बघत पडली होती. चिमणीची आई सांगत होती की चौकशी झाली, साचा चालू असताना हात घातला म्हणून दोष चिमणीचाच ठरला, आता गिरणी काही देणं लागत नाही. आई रडत नव्हती. सांगून सांगून तिचा आवाज सपाट झाला होता.

"चूक माझीच आहे, काकू," चिमणी भिंतीकडे बघतच म्हणाली. "मी थांबायला हवं होतं."

तिच्या उशाशी दोन फळं ठेवून बाई उठल्या, कारण फोनची वेळ झाली होती. त्या वेळी आपण फोनसाठी उठलो, याची शरम त्यांना पुढे कितीतरी दिवस जाळत राहिली.

आता त्या प्रत्येक आकडा दोनदा विचारू लागल्या. सुकं बत्तीस? हो, बत्तीस. ओलं पंचवीस? हो. मग छप्पन्न. मास्तर वैतागायचे, पण उत्तर द्यायचे. बाईंचं जेवण तुटलं. झोपेत त्या पांघरुणावर बोटं चालवत असायच्या. काही वेळा त्यांना वाटे, फोन उचलूच नये. मग वाटे, उचलला नाही तर ते काय करतील? मनाने काहीतरी लिहितील. आणि पुन्हा एखादीचा हात. ही दोरी त्यांच्या गळ्यात होती, आणि तिचं दुसरं टोक खात्यातल्या सगळ्या बायकांच्या हातांना बांधलेलं होतं. ती सोडताही येईना आणि धरूनही ठेववेना.

असे काही आठवडे गेले. मग एक दिवस जेवणवेळेनंतर फोन वाजला.

"सुकं एकोणतीस," मास्तर म्हणाले. "ओलं एकतीस."

बाईंनी सवयीने बोटं ठेवली. एकोणतीसच्या रेघेवरून उजवं बोट वर निघालं. डावं एकतीसच्या तिरक्या रेघेला लागलं. उजवं बोट चढत चढत शंभराच्या कमानीला टेकलं, तरी डाव्याची गाठ पडेना. आणखी वर न्यावं तर बोट रेघांच्या बाहेर, कोऱ्या कागदावर गेलं. तिथे काहीच नव्हतं.

"पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या.

"सुकं एकोणतीस, ओलं एकतीस. लवकर सांग, खातेप्रमुख फिरतोय."

"उलटं म्हणताय का?"

"उलटं कशाला म्हणेन? डाव्या हाताची सुकी, उजव्या हाताची ओली. इतकी वर्षं बघतोय."

"अहो, ओलं सुक्यापेक्षा वर कसं जाईल? तुम्हीच शिकवलंत मला. हे कागदावर नाहीच."

बाईंच्या डोळ्यांसमोर एकदम सगळं लख्ख झालं. यांना काटाही दिसत नाही. आज नाही, आणि किती दिवसांपासून नाही कोण जाणे. हे तबकडीसमोर उभे राहतात, हवेचा अंगाला अंदाज घेतात, कालचं आठवतात आणि काहीतरी दोन आकडे जुळवून आपल्याला सांगतात. आणि आपण इथे केसाएवढी रेघ चुकू नये म्हणून जीव काढतोय.

"त्या दिवशी तुम्ही चौतीसच म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "मी बरोबर ऐकलं होतं."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

बाईंनी पायात चपला सरकवल्या आणि दार तसंच उघडं टाकून निघाल्या. वसाहतीच्या फाटकातून, कोळशाच्या ढिगाला वळसा घालून, गिरणीच्या दारापर्यंत. पहारेकरी ओळखीचा होता. त्याने हसून विचारलं, मास्तरांचं आज फोनवर भागलं नाही वाटतं? बाई त्याच्या अंगावरूनच आत गेल्या.

खात्याचं दार ढकललं आणि ओल्या कापसाचा जड वास तोंडावर आला. खिडक्यांच्या काचांवर पाण्याचे ओघळ होते. साच्यांच्या लांबच लांब रांगा, त्यातले कितीतरी बंद. बायका वाकून आकड्यांनी रुळांवरचा कापूस ओरबाडत होत्या, आणि एकीने तर साचा चालूच ठेवला होता. बाई तिच्याजवळ गेल्या आणि तिचा हात धरून मागे ओढला. आधी थांबव, मग काढ, असं काहीसं त्या म्हणाल्या. ती बाई चक्रावून बघत राहिली.

मग त्या भिंतीकडे वळल्या. तबकड्या त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितल्या. सुकी एकोणतीस. ओली सत्तावीस. तक्ता समोर नव्हता, पण इतक्या महिन्यांत तो त्यांच्या डोळ्यांत बसला होता. पंचाऐंशीच्या घरात. आणि दाराशेजारच्या फळ्यावर, मास्तरांच्या ठसठशीत, न डगमगत्या अक्षरात लिहिलेलं होतं, अठ्ठावन्न.

हा आकडा बाईंनी दिलेला नव्हता. फोन ठेवून, उठून, चालत येऊन, खडू हातात घेऊन मास्तरांनी तो स्वतःच लिहिला होता. बाईंना तिथेच भडभडून आलं, पण रडायलाही वेळ नव्हता.

पंख्याच्या खोलीत मास्तर स्टुलावर बसले होते. बाईंची चाहूल त्यांनी पावलांवरून ओळखली.

"पाणी बंद करा," बाई म्हणाल्या. "सत्तावीस आहे ओलं. खात्यात चिखल झालाय नुसता."

मास्तर उठले, अचूक चावीपाशी गेले आणि त्यांनी ती फिरवली. फवारे हळूहळू बसले. एवढं ते डोळे मिटूनही करू शकले असते.

तेवढ्यात खातेप्रमुख तणतणत आत आला. मास्तरांच्या हाताखाली उमेदवारी करून वर चढलेला माणूस, एरवी त्यांना मान देणारा. इतके साचे कशाने अडले, फळ्यावर अठ्ठावन्न आणि आत ही दशा, हे काय चाललंय, असं तो विचारत होता. मग त्याला बाई दिसल्या आणि तो थांबला. तुम्ही इथे कशा, वहिनी?

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. त्या वाट बघत होत्या. आता तरी हे बोलतील. एक वाक्य, एवढंच. त्यांनी मनातल्या मनात हात जोडले.

"डबा विसरलो होतो," मास्तर म्हणाले. "तो द्यायला आलीय."

बाईंचे हात रिकामे होते.

"डबा नाही," त्या म्हणाल्या. "यांना दिसत नाही."

खातेप्रमुखाला आधी ती नवराबायकोची कुरबूर वाटली. तो हसण्याच्या बेतात होता. मग त्याने मास्तरांकडे नीट पाहिलं, त्यांच्या दंडाला धरलं आणि त्यांना खात्यात नेऊन तबकड्यांसमोर उभं केलं. आवाज न चढवता तो म्हणाला, "मास्तर, ओली किती आहे सांगा."

मास्तरांनी मान डावीकडे तिरकी केली, मग उजवीकडे. साच्यांवरच्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या.

"चोवीस," मास्तर म्हणाले.

खातेप्रमुखाने त्यांच्या हातातला खडू काढून घेतला. बाईंना वाटलं, त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी जाताना मास्तर दोन पावलं पुढे चालत राहिले. फाटकाच्या उंबऱ्याला ठेचकाळले तेव्हा बाईंनी हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. घरात शिरल्यावर ते म्हणाले, "माझ्या पोटावर पाय दिलास तू."

"दिला," बाई म्हणाल्या. आणि तशाच उलट पावली चिमणीच्या घरी गेल्या.

तिथे त्यांनी सगळं सांगितलं. फोन, तक्ता, चौतीस, त्रेचाळीस. आपल्याला आधीपासून ठाऊक होतं की यांना रेघा दिसत नाहीत, हेही लपवलं नाही. चिमणीची आई ऐकता ऐकता उठली आणि चुलीशी जाऊन पाठ करून बसली. चिमणीने विचारलं, "म्हणजे त्या दिवशी कापूस चिकटला तो पाण्यामुळे?"

"हो."

"मी म्हटलं होतं त्यांना चौकशीत. एवढे रूळ एकदम कधी अडत नाहीत म्हणून. कुणी ऐकलं नाही. मग मलाच वाटायला लागलं, मीच..." तिने फडकं बांधलेला हात मांडीवर घेतला. "तुम्ही इथे बसला होतात, काकू. याच जागी."

बाईंनी मान हलवली. चिमणी रागावली नाही आणि तिने माफही केलं नाही. आईने दार उघडून धरलं तेव्हा बाई उठल्या.

गिरणीत पुन्हा चौकशी झाली. बाईंनी साहेबांपुढे उभं राहून तेच सगळं पुन्हा सांगितलं. चिमणीवरचा दोष निघाला आणि तिला सुताच्या कांड्या मोजायचं, बसून करायचं काम मिळालं. बोटं काही मिळाली नाहीत. मास्तरांची नोकरी गेली. त्यांना चहा पाजायलाही कुणी बोलावलं नाही. लेक शिक्षण सोडून येते म्हणाली, तिला बाईंनी फोनवरच दटावलं. लेकीने एका दवाखान्यात रात्रीची कामं धरली आणि वर्ष पुरं केलं, पण त्या वर्षात ती निम्मी झाली. खोली सोडावी लागली. जायला जागा एकच होती. बाई सामान घेऊन ताईच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा ताई पोटावर हात धरून दारात आली आणि दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "माझं दुखणं झालं तेव्हा कंबर धरली होती ना तुझी?" मग बाजूला होऊन तिने वाट दिली. मागच्या खोलीत ते दोघं राहू लागले.

मास्तर बोलत नसत. हाक मारली तर हूं म्हणत. दिवसभर खाटेवर बसून ते एक हात डोळ्यांसमोर धरत, मग थोडा बाजूला नेत, मग पुन्हा समोर आणत. बाईंना ते बघवत नसे. डोळ्यांच्या दवाखान्यात जायला ते किती महिने तयार झाले नाहीत. शेवटी ताईनेच सुनावलं की माझ्या घरात राहायचं तर माझं ऐकावं लागेल, आणि ते निमूट उठले.

दवाखान्यात बाकावर गर्दी होती. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं आणि आधीचा रोगी भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं मोठ्याने वाचत होता. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. त्यांचे ओठ किंचित हलत होते. आपला नंबर आला तेव्हा ते आत गेले, खुर्चीवर ताठ बसले आणि डॉक्टरीणबाईंनी विचारताच वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं धडाधड म्हणून मोकळे झाले. एकही चुकलं नाही.

डॉक्टरीणबाई जरा गोंधळल्या. बाईंना कळलं, यांनी ऐकून पाठ केलं होतं. इथेही? आता नोकरी नाही, खोली नाही, लपवायचं उरलंय काय? पण या वेळी बाई बोलल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी पाटी उलटवून दुसरी लावली. "आता ही वाचा."

मास्तरांनी मान डावीकडे केली. उजवीकडे केली. खुर्चीच्या हातांवर त्यांच्या मुठी आवळल्या गेल्या. मग मुठी सुटल्या.

"नाही दिसत," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. पडद्याचा मधला भाग झिजलाय, गेलं ते परत यायचं नाही, आहे ते टिकतं का बघू, असं त्यांनी सांगितलं. आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं, हेही त्या म्हणाल्या, आणि ते त्या दर रोग्याला म्हणत असतील अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली. थेंब घालून पुन्हा तपासायचं होतं, म्हणून दोघं बाहेर बाकावर येऊन बसले.

समोरून माणसं जात-येत होती. मास्तर त्यांच्याकडे तोंड करून बसले होते.

"चौतीसच म्हणालो होतो मी," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"मग तू आधीच का नाही जाऊन सांगितलंस? पहिल्या दिवशीच. तुला तेव्हाच कळलं होतं."

या प्रश्नात राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. लेकीचं वर्ष, खोली, बॉयलरवाले मामा, सगळं एका दमात बाईंच्या ओठांवर आलं, आणि त्यांना चिमणीचा उशीवरचा हात दिसला.

थेंबवाल्या मुलीने मास्तरांना हाक मारली. ते उठले आणि ताठ मानेने, भलत्याच दाराच्या दिशेने चालू लागले. बाई त्यांच्या मागे धावल्या.